गुलाबी ठोकळ्याची आगगाडी

प्रश्न : माझी मुलगी जूनमध्ये तीन वर्षांची होईल. घराच्या आसपास चार शाळा आहेत. एक माँटेसरी, एक वॉल्डॉर्फ, एक ‘रेज्जो एमिलिया प्रेरित’ आणि एक साधी नर्सरी-केजी. चारही ठिकाणी जाऊन आले आणि चारही ठिकाणी ‘आमच्याकडे मूल केंद्रस्थानी असतं’ हेच ऐकलं. सासूबाई म्हणतात, समोरच्या गल्लीतली अंगणवाडी काय वाईट आहे? या पद्धतींत खरंच फरक असतो, की नुसत्या पाट्या वेगळ्या?
– एक आई, नाशिक

उत्तर : फरक असतो, आणि तो भांडण व्हावं एवढा असतो. पण माहितीपत्रकात शोधाल तर सापडणार नाही. मुलाच्या हातातल्या ठोकळ्याचं पुढे काय होतं, तिथे तो दिसतो.

मी १९८१ साली बालवाडीत लागले. आमच्या संस्थेकडे माँटेसरीचं लाकडी साहित्य होतं, पण कपाटात, कुलपात. तपासणीच्या दिवशी बाहेर यायचं आणि संध्याकाळी मोजून आत जायचं. त्यातला गुलाबी मनोरा म्हणजे दहा घन ठोकळे. सगळ्यांत मोठा दहा सेंटिमीटरचा, मग एकेक सेंटिमीटरनं कमी होत शेवटचा एक सेंटिमीटरचा, बोराच्या बीएवढा. मी किल्ली मागून घेतली, कपाट उघडं ठेवलं, आणि दुसऱ्याच आठवड्यात तो बीएवढा ठोकळा नाहीसा झाला. मुख्याध्यापिकांनी काय सुनावलं ते सोडा. सुताराकडून तेवढाच तुकडा कापून आणला, त्याला रंग द्यायचा मात्र राहूनच गेला. पुढे कितीतरी वर्षं, मनोरा रचून झाला की मूल त्या बिनरंगी तुकड्यावर बोट ठेवून विचारायचं, “बाई, हा का असा?” माँटेसरीबाई म्हणतात ती नजर हीच. चूक शिक्षिकेनं दाखवायची नाही, ती साहित्यानंच मुलाला दाखवायची.

त्याच वर्गात एक मुलगा होता, त्याला आम्ही इंजिन म्हणायचो. वडील रेल्वेत गँगमन. एके दिवशी त्यानं मनोरा रचलाच नाही. ठोकळे सतरंजीवर एका ओळीत लावले, सगळ्यांत मोठा पुढे, आणि तोंडानं कुकऽऽ करत ढकलायला लागला. मी नवीन, उत्साही, नुकतंच प्रशिक्षण झालेली. त्याचा हात धरला आणि म्हणाले, “अशी गाडी नाही करायची, मनोरा कर.” तो काही बोलला नाही. उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला.

आता त्या खिडकीशी तुमच्या चारही शाळांचे मूळ पुरुष आणि एक बाई आणून उभ्या करू.

मारिया माँटेसरी माझ्या बाजूनं बोलल्या असत्या, पण हात धरल्याबद्दल मला रागावल्या असत्या. त्यांच्या मते ठोकळा लहान-मोठेपण हाताला नि डोळ्याला कळावं म्हणून आहे, आगगाडी खेळायची तर दुसरं काही द्या. त्या मूळच्या डॉक्टर, त्यामुळे नजर निरीक्षकाची. रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांनी पहिलं बालगृह उघडलं. आईबाप कामावर गेले की मुलं नव्या डागडुजी केलेल्या इमारतीच्या भिंती खराब करतात, ही घरमालक कंपनीची तक्रार होती. म्हणजे सुरुवात कुणाच्या उदात्त विचारातून झालेली नाही, भिंती वाचवण्यातून झाली. तिथे त्यांनी एक तीनेक वर्षांची मुलगी पाहिली. दट्ट्यांची पेटी, म्हणजे ज्या लाकडी पट्टीतल्या भोकांत लहान-मोठे दट्टे नेमके बसवायचे ती, घेऊन ती बसली होती. बसव, काढ, पुन्हा बसव. माँटेसरींनी बाकीच्या मुलांना तिच्याभोवती गाणी म्हणायला लावली, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं. चाळीसहून जास्त वेळा केल्यावर ती आपणहून थांबली. त्यांच्या पद्धतीत ज्याला महत्त्व आहे ते हे थांबणं, दट्टे नव्हेत.

म्हणून माँटेसरी शाळेत गेलात की ‘साहित्य कुठून आणलं’ हे विचारू नका. तीन ते सहा वयाची मुलं एकाच खोलीत आहेत का, ते बघा. सलग दोन-अडीच तास मूल आपल्या मर्जीनं काम करतं, की दर वीस मिनिटांनी घंटा होते, तेही बघा. ज्युनियर-सीनियर असे वेगळे वर्ग आणि घंटेवर तास असतील, तर ती पाटीपुरतीच माँटेसरी. हे नाव कुणाच्या मालकीचं नाही, कुणीही लावू शकतो आणि लावतो.

दुसरे फ्रोबेल. आपल्या ‘केजी’ या दोन अक्षरांचे हे जनक. जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्ग गावी १८३७ साली त्यांनी लहान मुलांसाठी काम सुरू केलं आणि १८४० साली त्याला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, असं नाव दिलं. इंजिनच्या गाडीला त्यांनी टाळ्या दिल्या असत्या, कारण त्यांच्या मते खेळ हेच या वयाचं खरं काम. लोकरीचे सहा रंगीत चेंडू, लाकडी गोल, दंडगोल, घन यांना ते ‘भेटी’ म्हणत. आज घर झालेला ठोकळा उद्या गाय झाला तरी त्यांना चालायचा. १८५१ साली प्रशिया या जर्मन राज्याच्या सरकारनं या शाळांवर बंदी घातली. पुतण्याच्या नावाशी गल्लत झाली आणि नास्तिकपणाचा आरोप काकाच्या माथी बसला. बंदी उठली १८६० साली, पण फ्रोबेल १८५२ मध्येच गेले होते. तुमच्या चौथ्या शाळेत बाग आहे का हो? नाव केजी आणि मुलांच्या पायाला माती लागत नाही, अशा शाळा मी फार पाहिल्या.

वॉल्डॉर्फचे जनक रुडॉल्फ स्टायनर यांनी इंजिनच्या हातातून गुलाबी ठोकळाच काढून घेतला असता आणि दगड, कापडाचा तुकडा, झाडाची खोडकी दिली असती. वस्तू जितकी अपुरी, तितकी कल्पना पुरी, असा त्यांचा हिशोब. वॉल्डॉर्फमधल्या बाहुल्यांना नाक-डोळे जेमतेम असतात किंवा नसतातच, ते यामुळेच. ही पहिली शाळा १९१९ साली श्टुटगार्टमध्ये निघाली, वॉल्डॉर्फ-अस्टोरिया या सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी. नाव आलं ते त्या कारखान्याचं. दुधाचे दात पडायला लागेपर्यंत अक्षरं शिकवायची नाहीत, गोष्टी मात्र भरपूर सांगायच्या. स्टायनर यांच्या विचारांत पुनर्जन्मासारख्या गूढ गोष्टीही येतात. त्या तुम्हाला पटायलाच हव्यात असं नाही, पण विचारून घ्या. भिंतीवर ए फॉर ॲपलचा तक्ता किंवा कोपऱ्यात टीव्ही दिसला, तर ती वॉल्डॉर्फ नव्हे.

गोष्टींवरून तर माँटेसरी आणि स्टायनर यांचं जुळणं कठीण. लहान वयात परीकथा नकोत, मुलाला आधी खरं जग कळू दे, असं बाईंचं मत. यात मी बाईंच्या बाजूला कधीच गेले नाही. चिमणीचं घर मेणाचं आणि कावळ्याचं शेणाचं, हे ऐकल्यावाचून मोठं झालेलं मराठी मूल माझ्या डोळ्यांपुढे येत नाही. गुजरातेत गिजुभाई बधेका यांनी भावनगरच्या बालमंदिरात माँटेसरी पद्धत आणली, पण गोष्टींच्या बाबतीत त्यांनीही बाईंचं ऐकलं नाही. ढिगानं गोष्टी सांगितल्या.

रेज्जो एमिलिया हे इटलीतलं शहर आहे, माणसाचं नाव नव्हे, हे आधी सांगून टाकते. १९४५ च्या वसंतात युद्ध संपलं आणि तिथून जवळच्या व्हिला चेल्ला या खेड्यातल्या लोकांनी, पळून गेलेल्या जर्मन सैन्याचा रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकून त्या पैशांत आपल्या हातांनी बालशाळा बांधायला घेतली. लोरिस मालागुझ्झी हा तरुण शिक्षक सायकल मारत ते बघायला गेला आणि त्यातच राहिला. नगरपालिकेची पहिली बालशाळा निघाली १९६३ साली. इथली शिक्षिका इंजिनचा फोटो काढेल, तो काय पुटपुटतो ते लिहून घेईल आणि विचारेल, “गाडी कुठं चाललीय?” मग महिनाभर रूळ, बोगदे, तिकिटं, चित्रं. ठरलेलं साहित्य नाही की ठरलेला अभ्यासक्रम नाही. ‘रेज्जो प्रेरित’ शाळेत एवढंच विचारा, “मागच्या वर्षी मुलांनी काय शोधलं?” उत्तरात ‘जून – फळे, जुलै – पाऊस, ऑगस्ट – वाहने’ अशी छापील यादी पुढे आली, तर नमस्कार करून निघा.

आता सासूबाई. त्यांना माझा नमस्कार सांगा. अंगणवाडी हा शब्द आणि ती कल्पना याच मातीत तयार झाली. ताराबाई मोडक गिजुभाईंबरोबर भावनगरला काम करून आलेल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला आणि १९४५ साली ताराबाई नि अनुताई वाघ तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. महागडं साहित्य खेड्यात कुठून आणणार? शंख-शिंपले, चिंचोके, पानं, माती, बांबू. दलित वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मुलांना आधी आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली पोरं गुरं राखायला जायची, म्हणून शाळा कुरणात भरायला लागली. ती कुरणशाळा.

आता तुम्हीच बघा. भाड्याच्या चाळीतली मुलं, कारखान्यातल्या कामगारांची मुलं, युद्धानं मोडलेलं खेडं. यातलं निम्म्याहून अधिक गरिबांच्या मुलांसाठी निघालेलं, आणि आज चकचकीत कागदावर छापून तुम्हाला विकलं जातंय. मला याची चीड येते. त्यात तुमचा दोष नाही.

निवड कशी कराल? पाचही ठिकाणी सकाळी साडेदहाला जा आणि अर्धा तास नुसतं बसा. कुणा मुलाच्या हातून पाणी सांडेल, सांडतंच. तेव्हा बाई ओरडते, स्वतः पुसते, की मुलाच्या हातात फडकं देते? भिंतीवर सगळे हत्ती एकसारखे असतील तर ते बाईंनी काढलेत. एका बाईकडे किती मुलं आहेत ते मोजा. मला कुणी विचारलं तर खऱ्याखुऱ्या माँटेसरीला माझी पहिली पसंती. ती नसेल तर गल्लीतली अंगणवाडी, मात्र तिथली सेविका गाणी म्हणणारी आणि मुलांत बसणारी असेल तरच. नुसती खिचडी आणि नोंदवह्या असतील तर नको. घरापासून लांबच्या शाळेत रिक्षात चाळीस मिनिटं घालवण्याइतकी मोठी यातली कुठलीच पद्धत नाही.

इंजिनचं काय झालं? दुसऱ्या दिवशी मी त्याला काड्यापेट्या आणून दिल्या. त्यानं त्यांची गाडी केली, आणि मग आपणहून मनोराही रचला. पण त्या गाडीत मला मात्र आठवडाभर बसू दिलं नाही.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. पालक म्हणतात, “तुमच्याकडे मुलं नुसती खेळतात, शेजारच्या नर्सरीत एबीसी लिहितात.” मुलं कमी होत चाललीत. काय सांगू?
– एक सेविका, जि. बीड

उत्तर : सांगू नका, दाखवा. महिन्यातून एक सकाळ पालकांना बोलवा आणि त्यांच्याच मुलांबरोबर बसवा. मोड आलेली मटकी आणि मूग एकत्र करून वेगळे करायला द्या, कागद फाडून चिकटवायला द्या, पिठाच्या गोळ्या वळायला द्या. ज्या बोटांनी गोळी वळते त्याच बोटांनी पुढे पेन्सिल धरायची असते, हे बाप स्वतः गोळी वळताना लवकर समजतो. जिची बोटं तयार नाहीत त्या चार वर्षांच्या मुलीला एबीसी गिरवायला लावलं तर ती पेन्सिल मुठीत धरते, आणि ती सवय मोडताना पहिलीच्या बाईंचं वर्ष जातं. मी मोडल्यात अशा सवयी, म्हणून सांगते.

आणि कुणी ‘सरकारी पोषण आहार केंद्र’ म्हणून हिणवलं तर ऐकून घेऊ नका. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी अंगणवाड्यांची ही योजना सुरू झाली तेव्हापासून पूर्वशाळा शिक्षण तुमच्या कामातच आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंही तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानलाय. नोंदवह्यांचा ढीग तुमच्यावर लादलाय, हे मला ठाऊक आहे. तरी रोज एक गाणं आणि एक गोष्ट कुठल्याही वहीसाठी सोडू नका.

प्रश्न : मुलगा-सून श्टुटगार्टला असतात. नातू सहा वर्षांचा, वॉल्डॉर्फ बालवाडीत जातो. त्याला एकही अक्षर येत नाही! सून म्हणते, शाळेचं तेच धोरण आहे. शिवाय मुलाला स्क्रीन दाखवू नका अशी शाळेची विनंती आहे, त्यामुळे आमचा रविवारचा व्हिडिओ कॉलही बंद झाला. मी मराठी कशी शिकवू?
– एक आजोबा, सांगली

उत्तर : आजोबा, अक्षरांची काळजी करू नका. जर्मनीत बालवाडीत लेखन-वाचन शिकवायची पद्धतच नाही, ते पहिलीत सुरू होतं, आणि तिथली मुलं काही निरक्षर राहिलेली नाहीत. सूनबाईंशी या विषयावर वाद घालू नका. घातलात तर जिंकणार नाही आणि हरलात तर सांगलीपर्यंत ऐकू येईल.

व्हिडिओ बंद झाला, हे तर मला बरंच वाटतं. साधा फोन करा. त्यांच्याकडे झोपायची वेळ झाली की तुमच्याकडे रात्रीचे साडेअकरा-बारा वाजतात, एक दिवस जागा. फोन त्याच्या उशाशी ठेवायला सांगा आणि भोपळ्यातून लेकीकडे जाणाऱ्या म्हातारीची गोष्ट सांगा. वाघ आला की आवाज बदला. पुढच्या रविवारी तीच गोष्ट, आणि मध्येच एक शब्द मुद्दाम चुकवा. तो तुम्हाला मराठीत दुरुस्त करील.