मुलाखतीची तयारी करून घेताना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. बारावीच्या मुलांकडून नोकरीच्या मुलाखतीची तयारी करून घ्यायचं तू अंगावर घेतलंस, फार बरं वाटलं. ज्या घरात आजवर कुणी मुलाखत दिलेली नाही, तिथल्या पोरांना हे शिकवणारं शाळेशिवाय कोण आहे?

आधी प्रत्येकाला विचार, अर्ज नेमका कुठे करायचाय. पोलीस शिपाई भरतीत मैदानी आणि लेखी परीक्षा असते, मुलाखत नसते. केंद्र सरकारनेही १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि अराजपत्रित गट ब पदांच्या मुलाखती बंद केल्या आहेत. तुझ्या शिकवण्याचा खरा उपयोग होईल तो खासगी नोकऱ्यांसाठी आणि चाकण, सातपूरसारख्या एमआयडीसीत अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवार, म्हणून लागू पाहणाऱ्यांना.

बायोडाटा म्हटलं की मुलं लग्नाचा नमुना उतरवतात: उंची, वर्ण, जात. ते सगळं काढायला लाव. एक पान पुरे. मोबाईल नंबर मात्र चालू हवा, आणि अनोळखी नंबरचा फोन उचलायची सवय हवी. कंपनीतून फोन येतो तो बऱ्याचदा एकदाच.

सगळ्यात जास्त वेळ दे तो बोलतं करायला. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की मुलं इंग्रजीत पाठ केलेली चार वाक्यं म्हणतात, आणि पाचव्या प्रश्नाला गप्प. एखादी म्हणेल, मला कसलाच अनुभव नाही. तिला विचार, घरी काय करतेस? ती सांगेल, वडिलांच्या दूध संकलन केंद्रावर सकाळी बसते, दुधाचं फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि बाकीचे घन घटक) बघते, दहा दिवसांचं बिल काढते. मग पुढे विचार: फॅट कमी लागलं म्हणून कुणी भांडायला आलं तर काय करतेस? ती जे सांगेल तेच तिचं मुलाखतीतलं उत्तर. ते तिला मराठीतच नीट, क्रमाने सांगू दे, दोन-तीनदा सांगू दे. इंग्रजी लागेल तिथे पुढे बघता येईल; सांगण्यासारखं काही आहे हा भरवसा आधी यायला हवा. मला विचारशील तर एवढं एक जमलं तरी तुझं वर्ष सार्थकी लागलं.

कारखान्यात जाणाऱ्यांसाठी प्रयोगशाळेतला व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, मागून घे. त्याचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, मुलं पोपटासारखा सांगतात. हातात नट दिला की माप घेता येत नाही. समोरचा सुपरवायझर नेमकं तेच बघतो. मुलाखतीत रात्रपाळीबद्दलही हमखास विचारतात. घरी न बोलता ‘हो’ म्हणायचं नाही. मुलींनी कंपनीची बस आहे का, कुठपर्यंत सोडते, हे निःसंकोच विचारावं.

अप्रेंटिसशिप म्हणजे कायमची नोकरी नव्हे, हे पालकांनाही समजावून सांग. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी असतो, त्याला स्टायपेंड मिळतो, लेखी करार होतो. वय किमान १४ पूर्ण हवं, धोक्याच्या उद्योगात १८. करारात तसं लिहिलं नसेल तर मुदत संपल्यावर कामावर ठेवून घ्यायला कंपनी बांधील नसते. हे आधी माहीत असलं तर वर्षभराने घरात रडारड होत नाही, आणि मूलही त्या वर्षात शिकून घ्यायच्या मागे लागतं.

कागदपत्रांसाठी एक अख्खा तास राख. दहावीची गुणपत्रिका, आधार, बँक पासबुक शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर ताडून बघायला लाव. एकीकडे वडिलांचं नाव बाळू, दुसरीकडे बाळासाहेब, असं खूप घरांत असतं. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून हे दिवाळीच्या आतच उरक.

आणि नोकरी लावतो म्हणून कुणी नोंदणीचे किंवा डिपॉझिटचे पैसे मागितले तर तिथून उठून यायचं, हे बजावून सांग. मूळ गुणपत्रिका दाखवायची, झेरॉक्स द्यायची. मूळ कागद कुणाही कंत्राटदाराकडे ठेवून यायचा नाही.

तुझे,
सर