प्रश्न वाचकांचे : पेशींच्या भिंती, आमटीपासून पेनिसिलिनपर्यंत

प्रश्न : आमटीत चिंच आधी घातली की बटाट्याच्या फोडी कितीही उकळल्या तरी कडकच राहतात. असं का? सोडा घातलेला चालेल का?

उत्तर : बटाटा शिजतो तेव्हा त्याच्या बहुतेक पेशी फुटत नाहीत, एकमेकींपासून सुट्या होतात. वनस्पतीच्या कोवळ्या पेशीभित्तिकेत सेल्युलोजचे चिवट तंतू, त्यांना बांधणारं हेमिसेल्युलोज आणि पेक्टिन असतं. शेजारच्या दोन पेशींमधला थर तर मुख्यतः पेक्टिनचाच, आणि त्याच्या साखळ्या कॅल्शियमने एकमेकींत अडकलेल्या. उकळत्या पाण्यात सेल्युलोज जसंच्या तसं राहतं. तुटतं ते पेक्टिन. मात्र सामू (आम्लता दाखवणारा आकडा, pH) ४च्या आसपास आला की हेच पेक्टिन उष्णतेला सगळ्यात कमी दाद देतं, आणि चिंचेतल्या टार्टारिक आम्लाने रस्सा नेमका तिकडेच सरकतो. आमसूल आणि टोमॅटोचंही तेच.

खात्री करायची तर एकाच बटाट्याच्या २ सेंटिमीटरच्या फोडी दोन पातेल्यांत, प्रत्येकी अर्धा लिटर पाण्यात घ्या. एकात दोन मोठे चमचे चिंचेचा घट्ट कोळ घाला आणि दोन्ही १५ मिनिटं उकळा. साध्या पाण्यातल्या फोडीत सुरी सहज शिरेल, तिच्या कडा विरू लागलेल्या दिसतील. कोळातल्या फोडीचे कोपरे तसेच राहतील. तेव्हा फोड बोटचेपी झाल्यावरच कोळ घालावा.

सोड्याने पेक्टिन झपाट्याने तुटतं हे खरं, पण ब१ जीवनसत्त्वही जातं आणि चिमटीपेक्षा जास्त पडला तर साबणासारखी चव येते. कडधान्यांसाठी मिठाचं पाणी आम्हाला जास्त पसंत आहे : १ लिटरला १५ ग्रॅम मीठ, रात्रभर भिजवण, मग ते पाणी ओतून टाकायचं. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची जागा घेतं आणि साल लवकर मऊ पडते. बोअरच्या जड पाण्यात उलटं घडतं, बाहेरचं कॅल्शियम आत जाऊन पेक्टिन घट्ट करतं. दमट, उबदार जागी वर्षभर पडून राहिलेलं कडधान्यही असंच अडून बसतं, कारण साठवणीत त्यातलं फायटेट मोडतं आणि त्याने धरून ठेवलेलं कॅल्शियम मोकळं होऊन पेक्टिनला चिकटतं. गणंग दाण्याची गोष्ट मात्र वेगळी. त्याच्या सालीतून पाणीच आत शिरत नाही. तो निवडून काढावा हे बरं.

प्रश्न : अळंबी कितीही शिजवली तरी तिचा लगदा का होत नाही?

उत्तर : अळंबी ही बुरशी. तिच्या पेशीभित्तिकेत वनस्पतींसारखं पेक्टिन नसतं. असतं ते कायटिन आणि बीटा-ग्लुकान. कायटिन म्हणजे कोळंबीच्या कवचात असतं तेच. उकळून ते सहजी तुटत नाही, त्यामुळे अळंबी आक्रसते पण विरघळत नाही. तिच्यातलं पाणी आटलं की ती झाली, असं समजावं.

प्रश्न : पेनिसिलिन जिवाणूंना मारतं, मग आपल्या पेशींना अपाय का करत नाही?

उत्तर : आपल्या पेशींना भिंत नसते, फक्त पेशीपटल असतं. जिवाणूंची भिंत पेप्टिडोग्लायकनची. ग्रॅम-पॉझिटिव्ह (ग्रॅमच्या रंगचाचणीत जांभळ्या दिसणाऱ्या) जिवाणूंत ती साधारण २० ते ८० नॅनोमीटर जाड असते. साखरेच्या लांब साखळ्या आणि त्यांना आडवे जोडणारे अमिनो आम्लांचे छोटे दुवे, अशी तिची बांधणी. हे दुवे जोडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) पेनिसिलिन निकामी करतं. जिवाणू वाढत असताना जुने दुवे तोडत राहतो, नवे मात्र जोडले जात नाहीत. आतल्या द्रावणाची संहती जास्त असल्याने पाणी आत ओढलं जातं आणि कमकुवत भिंत फाटते. म्हणूनच हे औषध वाढणाऱ्या जिवाणूंवर चालतं, सुप्तावस्थेतल्यांवर फारसं नाही. सर्दीच्या विषाणूला ही भिंतच नसते. मायकोप्लाझ्मा हा जिवाणू असूनही त्याला भिंत नाही, त्यामुळे त्याच्या न्यूमोनियात डॉक्टर जिवाणूची प्रथिननिर्मिती रोखणारं, वेगळ्या गटातलं औषध देतात.