क्लिप पाळीला लावली होती

“मॅडम, मशीन बिघडलंय की मीच?” असं म्हणत समुपदेशनासाठी आलेल्या एका गृहस्थांनी पिशवीतून एक टेन्सचं, म्हणजे कातडीतून हलका करंट देणारं, मशीन काढून टेबलावर ठेवलं. फिजिओथेरपीवाले कंबरेला, गुडघ्याला लावतात तेच, आईसाठी घेतलेलं. फक्त पॅडच्या जागी ऑनलाइन मागवलेली कानाची क्लिप जोडलेली.

वय चौतीस, फोर्टात अकाउंट्सची नोकरी, घर विक्रोळीला कन्नमवार नगरात. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तक्रार रोज कुणा ना कुणाकडून ऐकू येते तीच: स्वतःवर ताबा राहत नाही. आठ वर्षांच्या मुलीचा अभ्यास घेताना आवाज चढतो, मग अपराधी वाटतं, मग रात्री दीडपर्यंत मोबाईल. व्हेगस नस (मेंदूपासून हृदय, पोटापर्यंत जाणारी) करंटने उत्तेजित केली की मन शांत होतं, एकाग्रता वाढते, असे व्हिडिओ पाहून त्यांनी रोज रात्री वीस मिनिटं क्लिप लावायला सुरुवात केली. पहिले दोन आठवडे खरंच बरं वाटलं. नंतर फरक पडेना, म्हणून त्यांनी करंट वाढवत नेला. आता कानाची पाळी लाल झाली होती.

“क्लिप लावून दाखवा,” म्हटलं. त्यांनी ती पाळीला लावली, डूल घालतात तिथे.

पाळीला व्हेगसची शाखा जातच नाही. तिथली संवेदना मानेतून येणारी वेगळीच नस वाहते. म्हणूनच तर या विषयावरच्या प्रयोगांत खोटं उत्तेजन द्यायचं असलं की क्लिप पाळीला लावतात. माणसाला मुंग्या तेवढ्याच जाणवतात, नस मात्र चुकते. थोडक्यात, गृहस्थ महिनाभर तुलनेसाठीच्या गटात बसले होते.

व्हेगसची कानातली शाखा सापडते ती ज्यातून ऐकू येतं त्या भोकाच्या वरच्या अंगाला, पाळीपासून बरीच वर, आतल्या खोलगट वाटीत. बुगडी किंवा भिकबाळी घालतात ती बाहेरची कड, तीही नव्हे. कानात काडी घातली की काहींना उगाच खोकला येतो तो याच शाखेमुळे. भोकासमोरच्या छोट्या कुर्चेवरही काही प्रयोगांत क्लिप लावतात, पण तिथे ही शाखा सगळ्यांमध्ये नसते. डावा कान निवडायची प्रथा आहे, कारण हृदयाचे ठोके ठरवणाऱ्या गाठीकडे मुख्यतः उजवी व्हेगस जाते.

मग पहिले दोन आठवडे बरं का वाटलं? त्या वीस मिनिटांत ते काय करत होते, ते विचारलं. मशीनजवळ मोबाईल नको म्हणून तो स्वयंपाकघरात ठेवायचे, दिवा मालवून पलंगावर टेकून बसायचे, आणि पुष्कळदा तिथेच झोप लागायची. अकराला! त्यामुळे बरं वाटणं खोटं नव्हतंच. श्रेय तेवढं चुकीच्या खात्यावर जमा झालं होतं, आणि हे अकाउंट्सवाल्याला लगेच पटलं. पुढे मोबाईल हळूहळू पलंगावर परत आला आणि फरक पडेनासा झाला.

“मग बरोबर जागी लावू का?” पुढचा प्रश्न ठरलेला. यावर ‘सगळं थोतांड’ म्हणणंही चूक आणि ‘लावा की’ म्हणणंही. व्हेगसचे बहुतेक, साधारण ऐंशी टक्के, तंतू शरीराकडून मेंदूकडे निरोप नेतात. कानातून गेलेला निरोप मेंदूच्या देठात पोचतो, तिथून नॉरअ‍ॅड्रेनलिन सोडणाऱ्या एका छोट्या केंद्राकडे. सावधपणा, लक्ष, चूक ओळखणं यांचा या रसायनाशी संबंध आहे. 2015 साली एका प्रयोगात दिसलं, की कानातून उत्तेजन दिल्यावर निरोगी माणसं चूक झाल्यानंतरच्या उत्तराला जरा जास्त थबकतात. 2016 च्या आणखी एका प्रयोगात हात आवरण्याची क्षमता सुधारली, पण डोक्यात एकाच वेळी बरंच काही धरून ठेवायचं होतं तेव्हाच. सोप्या कामात फरक नाही. असे बरेच प्रयोग एकत्र तपासले तर विचारशक्तीवरचा परिणाम निघतो, पण लहान, आणि सगळ्या चाचण्यांत सारखा नाही.

इथे ‘हात आवरणं’ म्हणजे काय, हेही पाहावं. स्क्रीनवर बाण दिसला की बटण दाबायचं, मध्येच खूण आली तर दाबायचं नाही. फरक मोजतात तो मिलिसेकंदांत किंवा चुकांच्या संख्येत, बहुधा यंत्र सुरू असताना किंवा लगेच नंतर. सातचा पाढा तिसऱ्यांदा चुकल्यावर बापाने वही आपटायची की नाही, हा प्रश्न तिथे कुणी विचारलेला नाही. प्रयोगशाळेतल्या ‘आत्मनियंत्रणा’वरून घरातल्या संयमाची हमी देणारी जाहिरात दिसली की आम्ही तरी चार हात लांब राहायला सांगतो.

करंट वाढवून उपयोग नाही, यालाही कारण आहे. नॉरअ‍ॅड्रेनलिन कमी असेल तर पेंग, फार झालं तर तगमग, काम चांगलं होतं ते मधल्या पट्ट्यात. मानेतल्या व्हेगसला उत्तेजन देणारं यंत्र शरीरात बसवलेल्या रुग्णांवर 1999 मध्ये झालेल्या एका अभ्यासात मध्यम करंटला आधी वाचलेले शब्द नंतर ओळखणं सुधारलं, त्याहून जास्त दिल्यावर सुधारलं नाही. कानाच्या प्रयोगांत सेकंदाला साधारण 25 स्पंद (25 हर्ट्झ), प्रत्येक 200 ते 300 मायक्रोसेकंदांचा, आणि अर्धा ते काही मिलिअँपिअर करंट वापरतात, अनेकदा तीस सेकंद चालू, तीस सेकंद बंद. टेन्सची कळ कंबरेसाठी बनवलेली असते, पुष्कळ यंत्रांत ती ऐंशी मिलिअँपिअरपर्यंत जाते. कानाला लावून ती जराशी फिरली तरी चटका बसतो. त्यात क्लिप अर्धवट टेकलेली असेल तर तेवढाच करंट थोड्याशा कातडीतून जातो, आणि कान लाल होतो तो असा. कोरड्या कातडीवरही तेच. लोकलमध्ये उभ्याने, घामेजल्या कानाला, हलणारी क्लिप लावणारेही भेटले आहेत. त्यांना काय म्हणावं!

पेसमेकर किंवा शरीरात दुसरं विजेवर चालणारं यंत्र, ठोक्यांची अनियमितता, फिट्स, वारंवार चक्कर, गरोदरपण, कानाला जखम किंवा पू, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रकार करूच नये. यांच्याबाबतीत यातलं काही नव्हतं. तरीही क्लिप बंद करायला सांगितली, कारण मशीन कानासाठीचं नव्हतं. घोरणं, दारू, थायरॉइड हेही विचारून घेतलं. चिडचिडीमागे यांतलं काही निघालं की समुपदेशन एकटं पुरत नाही.

मग एक साधी वही. तीन रकाने: किती वाजता भडकलो, त्याआधी दहा मिनिटं काय चाललं होतं, आदल्या रात्री किती तास झोपलो. दोन आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या. त्यांपैकी आठ रात्री पावणेनऊ ते सव्वानऊच्या. सीएसएमटीहून स्लो लोकलने उभ्याने आलेला माणूस, दुपारी एकनंतर पोटात फक्त चहा, चपला काढतोय तोवर समोर गणिताची वही. झोप पाच तासांच्या आसपास. “माझ्यात इच्छाशक्तीच नाही” हे वाक्य त्यानंतर त्यांनी पुन्हा उच्चारलं नाही.

बदल तीनच ठरवले. विक्रोळी स्टेशनाबाहेर दोन केळी, तिथेच उभं राहून खायची. अभ्यास बायकोच्या संमतीने सकाळी सातला, वीस मिनिटं. मोबाईल अकराला स्वयंपाकघरात, चार्जरसकट.

चौथी गोष्ट श्वास. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास, पाच मिनिटं. या लयीत श्वासाबरोबर ठोक्यांचा चढउतार मोठा होतो आणि त्यात व्हेगसचा हात असतो. क्लिप लागत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी छाती फुगवून श्वास घेतले आणि बोटांना मुंग्या आल्या, गरगरलं. कारण कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर गेला. श्वास खोल नको, सावकाश हवा, पोट जरासंच हललं पाहिजे. दुसरी चूक सगळेच करतात: राग आल्यावर पहिल्यांदा करून पाहतात आणि ‘जमत नाही’ म्हणून सोडून देतात. दोन आठवडे शांत वेळी सराव हवा, तेव्हा कुठे चिडल्यावर आठवतो.

सहाव्या आठवड्यात वहीत दोन नोंदी होत्या, दोन्ही महिनाअखेरच्या, ऑफिसात क्लोजिंग चालू असतानाच्या. त्या दिवशी केळी खायची राहून गेली होती. महिन्याचे शेवटचे तीन दिवस अभ्यास आजीने घ्यायचा, असं घरी ठरलं आहे. टेन्सचं मशीन तिच्या गुडघ्याला परत गेलं.