बाळ गेले, वस्तू राहिल्या: नातलगांनी काय करावे

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या भावाची मुलगी नवव्या महिन्यात पोटातच गेली, त्याला तीन आठवडे झाले. अंत्यसंस्कार झाले आहेत. रुग्णालयातून निघताना परिचारिकांनी बाळाच्या आठवणींचे एक खोके हाती दिले होते, ते वहिनींनी अजून उघडलेले नाही. बाळंतपणासाठी साताऱ्याहून आलेल्या, या भगिनींच्या आईचे म्हणणे असे की या वस्तू घरात ठेवल्या तर जीव अडकून राहतो, तेव्हा खोके, पाळणा आणि वहिनींच्या माहेरून आलेला बाळंतविडा सगळेच कोणाला तरी देऊन टाकावे. भाऊ गप्प आहे. पत्र लिहिणाऱ्या भगिनींच्या मनात मात्र खोक्यातील पावलांचे ठसे काढून, सुंदर चौकटीत बसवून, बारशाचा म्हणून ठरलेल्या दिवशी दोघांना न सांगता भेट द्यावे असे आहे. घरात पाच वर्षांचा भाचाही आहे आणि ‘त्या खोक्यात काय आहे’ हे तो रोज विचारतो.

आई वस्तू टाकायला निघाल्या आहेत आणि तुम्ही मांडायला निघाला आहात. दोघींच्याही मनात मायाच आहे, पण दोन्ही निर्णय ज्यांचे बाळ गेले त्यांना बाजूला ठेवून होत आहेत. माझे मत स्पष्ट आहे: या घडीला तुमचे काम राखणदाराचे आहे. काहीही टाकू देऊ नका, काहीही घडवू नका, आणि ज्या गोष्टी वेळेत केल्या नाहीत तर हातच्या जातील तेवढ्या मात्र भावाच्या कानावर घालून आजच मार्गी लावा.

त्यांतील पहिली गोष्ट नोंदणीची, ती अजून झाली नसेल तर. इंग्लंड आणि वेल्समध्ये गर्भारपणाच्या 24 आठवड्यांनंतर मृतावस्थेत जन्मलेल्या बाळाची नोंद 42 दिवसांच्या आत करावी लागते आणि त्या दाखल्यावर बाळाचे नाव लिहून घेता येते. बारसे झाले नाही म्हणून नाव नाही, असे समजून अनेक जण ती जागा मोकळी सोडतात आणि पुढे कायम हळहळतात. आपल्याकडे बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा, म्हणजे तुमचाच. त्या नात्याने ‘तिचे नाव लिहायचे का, आणि कोणते’ एवढेच विचारा, आणि उत्तर ‘नको’ असे आले तर तेही तितक्याच सहजपणे घ्या. ज्यांचे बाळ 24 आठवड्यांच्या आत गेले त्यांच्यासाठी अशी कायदेशीर नोंद नसते, परंतु इंग्लंडमध्ये फेब्रुवारी 2024 पासून सरकारकडून ऐच्छिक आणि विनाशुल्क प्रमाणपत्र मिळते. पुष्कळ घरांत बाळ होते याचा तेवढाच एक लेखी पुरावा असतो.

दुसरी गोष्ट रुग्णालयाची. तेथे बहुधा अशा कुटुंबांसाठी नेमलेली बिरीव्हमेंट मिडवाइफ, म्हणजे शोकात सोबत करणारी प्रसूती परिचारिका, असते. पालकांनी त्या वेळी ‘नको’ म्हटलेली छायाचित्रे किंवा ठसे अनेक रुग्णालये कागदपत्रांसोबत जपून ठेवतात, म्हणून असे काही शिल्लक आहे का आणि ते किती काळ ठेवले जाईल हे भावाने एकदा दूरध्वनी करून विचारावे. घरी आलेल्या खोक्यात सहसा हातापायांचे शाईचे ठसे, मनगटावरची पट्टी, पाळण्यावरचे कार्ड, काही छायाचित्रे आणि एक छोटे अस्वल असते. काही संस्थांच्या खोक्यांत अस्वले दोन असतात, एक बाळासोबत द्यायचे आणि एक घरी ठेवायचे.

ज्या वाचकांच्या घरी अंत्यसंस्कार व्हायचे आहेत त्यांच्या हाती आणखी थोडा वेळ असतो. परदेशात अंत्यसंस्काराला कित्येक दिवस लागतात, आणि रुग्णालयात राहून गेलेले ठसे अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्यांकडूनही घेता येतात. ब्रिटनमधील पुष्कळ प्रसूतिगृहांत कडल कॉट नावाची थंडावा देणारी गादी असते, त्यामुळे आईवडिलांना बाळाजवळ घाई न होता बसता येते. ब्रिटनमध्ये रिमेंबर माय बेबी, अमेरिकेत 2005 पासून नाऊ आय ले मी डाउन टू स्लीप आणि ऑस्ट्रेलियात हार्टफेल्ट या संस्थांचे स्वयंसेवी छायाचित्रकार एक पैसाही न घेता रुग्णालयात येतात. बाळाच्या त्वचेचा रंग लवकर बदलतो, म्हणून निदान एक प्रत कृष्णधवल करून घ्यावी, ती पाहणे सोपे जाते. केसांच्या बटीबाबत मात्र परिचारिकेला आधीच सांगावे लागते. ती मानेजवळची बट प्रेमानेच कापते, पण जावळ म्हणजे काय हे तिला ठाऊक असण्याचे कारण नाही. जावळाला कात्री लागू नये असे कोणाला वाटते, तर कोणाला तीच बट हवी असते. रक्षेबद्दलही दहनगृहात आधी विचारून ठेवावे, कारण अगदी लहान बाळाच्या बाबतीत ती मिळेलच असे नसते आणि हे नंतर कळणे फार जिव्हारी लागते.

आता घरातील वस्तूंविषयी. सोनोग्राफीची चित्रे उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापलेली असतात. त्यांना गरम लॅमिनेशन केले तर ती क्षणात काळी पडतात, आणि उजेडात ठेवली तर हळूहळू पुसट होतात. त्यांची स्कॅन प्रत आजच काढून दोन ठिकाणी साठवावी, मूळ चित्रे आम्लरहित कागदात गुंडाळून अंधारात ठेवावीत. बाळाच्या अंगाला लागलेले झबले किंवा दुपटे कोणालाही धुऊ देऊ नका. ते पूर्ण कोरडे आहे याची खात्री करून झिपच्या पिशवीत बंद करावे. वास कायमचा टिकत नाही, पण काही महिने टिकतो आणि आईला बहुधा तोच हवा असतो. डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांचा दर्प सगळ्यावर मात करतो. केस साध्या कागदी पाकिटात ठेवावेत, चिकटपट्टी लावू नये. खोके माळ्यावर टाकू नका, कारण तिथली दमट हवा आणि उन्हाळ्यातील उष्मा दोन्ही घातक. राहत्या खोलीतील कपाट बरे. आणि व्हिसा किंवा नोकरी बदलून देश सोडण्याची वेळ आली तर हे खोके सामानाच्या कंटेनरमध्ये न घालता हातातल्या बॅगेतून न्यावे.

आईंशी वाद घालू नका, त्यांची नात गेली आहे. त्यांची भीती अकारण उपजलेली नाही. स्मृतिग्रंथांनी दोन वर्षांखालील बाळाला अग्नी आणि उदकदान सांगितलेले नाही, त्यामुळे दहावे नाही, तेरावे नाही, वर्षश्राद्धही नाही. मोठे माणूस गेले तर घराला रडण्यासाठी तेरा दिवस मिळतात, बाळाच्या बाबतीत घराने दुसऱ्या दिवशी चूल पेटवून कामाला लागावे अशीच अपेक्षा असते. पिढ्यान्‌पिढ्या ज्या बायकांनी हे सोसले त्यांनीच ‘वस्तू ठेवू नये’ हा उपाय शोधला, आणि बाळे वारंवार दगावत त्या काळात तो त्यांना जगवून गेला असेल. ही आठवणींची खोकी म्हणजे गोऱ्यांची जुनी रीत, असेही आईंनी समजू नये. ब्रिटनमध्येही काही दशकांपूर्वीपर्यंत असे बाळ आईला न दाखवताच नेले जाई, आणि ज्यांना ते सोसवले नाही अशा पालकांनीच 1978 मध्ये सँड्स ही संस्था उभी केली. हे त्यांना एकदा सांगून पाहा. पटले नाही तर खोके काही महिने तुमच्या घरी ठेवण्याचा प्रस्ताव भावापुढे आणि वहिनींपुढे मांडा, मात्र ते कोठे आहे हे दोघांना ठाऊक हवे आणि मागितल्या क्षणी परत मिळायला हवे.

बाळंतविड्याचेही तसेच. झबली, टोपडी, कुंची, वाळे, जुन्या सुती साड्यांची गोधडी यांतले काय ठेवायचे आणि काय द्यायचे हे वहिनी ठरवतील. पहिल्या अंगावर घालायचे म्हणून कोणाच्या बाळाचे जुने कपडे मागून आणले असतील तर त्या घरी तुम्हीच निरोप द्या की सध्या कोणी ते परत मागू नयेत. आईंच्या हातांना काही काम हवे असेल आणि वहिनींची संमती असेल, तर पुढे कधी या कपड्यांची लहानशी गोधडी शिवता येईल. पण कात्री लावण्याआधी प्रत्येक कपड्याचे छायाचित्र घ्यावे आणि एखादा कपडा तरी अखंड ठेवावा. कापलेले झबले परत जोडता येत नाही.

ठशांच्या चौकटीचा विचार तूर्त बाजूला ठेवा. वहिनींनी ते ठसे अजून पाहिलेलेही नाहीत. ते प्रथम भिंतीवर, पाहुण्यांसमोर, ठरलेल्या बारशाच्या दिवशी दिसणे ही भेट ठरणार नाही. इंग्लंडमध्ये आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शक सूचना देणाऱ्या नाईस या संस्थेची 2014 ची मार्गदर्शिका डॉक्टरांनाही हेच सांगते की बाळाला पाहणे, कुशीत घेणे, छायाचित्र वा वस्तू ठेवणे हे पर्याय म्हणून पालकांपुढे मांडावेत. ठशांची स्कॅन प्रत काढायची असेल तर भावाची परवानगी घ्या. पुढे पेंडंट, चौकट, मातीचा साचा काहीही त्या प्रतीवरून होऊ शकते, मूळ कागद कोणत्याही कारागिराकडे पाठवू नये. आणि बाळाचे छायाचित्र कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर जाता कामा नये. गावाकडचे मामा, मावशी, काकू मायेनेच मागतील, पण एकदा पुढे गेलेले छायाचित्र कोणाच्या हाती जाईल सांगता येत नाही. ‘दादा-वहिनी दाखवतील तेव्हा पाहू’ हे उत्तर तुम्हीच द्यावे, त्यांच्यावर ती वेळ आणू नये.

मोठे मूल गेले असेल तर वस्तू विपुल असतात आणि धोका वेगळा असतो. मुलाच्या फोनची जोडणी घाईने बंद केली की व्हॉइसमेलमधील त्याचा आवाजही जातो, म्हणून आधी ध्वनिसंदेश उतरवून घ्यावेत. दोन वर्षे न वापरलेले गूगल खाते छायाचित्रांसह काढून टाकले जाऊ शकते. शाळेतील लॉकर आणि चित्रकलेच्या वर्गात राहिलेली कामे शिक्षकांकडून मागून घ्यावीत. घर भाड्याचे असेल तर दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने केलेल्या उंचीच्या खुणा घर सोडण्यापूर्वी लांब कागदी पट्टीवर तारखांसह छापून घ्याव्यात, रंगाऱ्याचा एक हात फिरला की त्या जातात.

राहता राहिला भाचा. तो विचारतो ते लपवू नका. ‘देवाघरी गेली’ म्हटले की या वयाची मुले ‘परत कधी येणार’ असे विचारतात, तेव्हा बाळ पोटातच मरण पावले आणि ते परत येणार नाही हे आईवडिलांनी किंवा त्यांच्या सांगण्यावरून तुम्ही सरळ शब्दांत सांगावे. खोक्यात बाळाच्या वस्तू आहेत आणि आईबाबा उघडतील तेव्हा त्यालाही पाहता येईल, हे उत्तर त्याला पुरते. बहिणीसाठी त्याने काढलेले चित्र असेल तर त्यामागे पेन्सिलीने तारीख लिहा आणि लगेच स्कॅन करा, कारण स्केचपेनचे रंग उजेडात लवकर उडतात. मूळ चित्र खोक्यात ठेवायचे की फ्रिजवर लावायचे हे त्याने आईबाबांना विचारून ठरवावे.