वाईला पहिल्यांदा जातोयस, तर एवढं ऐक

'स्वदेस' पाहून वाईजवळच्या मेणवलीला जावंसं वाटतंय म्हणालास, फार छान वाटलं. मीही त्याच ओढीने गेलो होतो. २००४ मध्ये पडद्यावर चरणपूर म्हणून पाहिलेलं गाव समोर दिसलं की पोटात कालवतंच. फोटो काढ, घाटावर मनसोक्त बस. पण तेवढ्यावर परतू नकोस.

घाटावरच्या देवळाजवळची मोठी घंटा जवळून बघ. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे! १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीजांकडून आलेल्या घंटांपैकी ही एक. मी तर तिथे अर्धा तास खिळून उभा होतो. मग वर नाना फडणवीसांचा वाडा.

वाईत ढोल्या गणपतीचं दर्शन झालं की लगेच निघू नकोस, देवळाच्या मागे जा. सरदार रास्त्यांनी बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे. कृष्णेला पूर आला की पाणी तिथे दुभंगून दोन्ही बाजूंनी जावं म्हणून. दगडावरून हात फिरव, म्हणजे बांधणाऱ्याचं डोकं कळेल.

सकाळी लवकर पोच, ऊन तिरपं असतं तेव्हा कोरीवकाम उठून दिसतं. वाडे खासगी असतात, विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नकोस. आणि घाटावर कुणी आजोबा भेटले तर शूटिंगच्या आठवणी जरूर विचार, पण त्याआधी पुराच्या आठवणी विचार. पाणी कुठल्या पायरीपर्यंत चढलं होतं, ते हाताने दाखवतात.