रुकासर्प काचेत ठेवण्याआधी

गड्या, शेवग्यावर सापडलेला रुकासर्प तू माशांच्या टाकीत ठेवलायस आणि आता फांद्या किती लावू म्हणून विचारतोयस. आधी त्याला सोड. आजच, आणि जिथून उचललास त्याच झाडापाशी.

शाळेत असताना मिरजेला मीही एक ठेवला होता. बिनविषारी, दिसायला देखणा. फुगला की खवल्यांमधला निळा रंग चमकायचा, तो बघत तासन्‌तास बसायचो. पण हा दिवसा हिंडणारा साप. याच्या पोटाच्या खवल्यांना दोन्ही कडांना धार असते, त्यामुळे सरळ खोडावर सरसर चढतो, या फांदीवरून त्या फांदीवर झेप घेतो. काच काही त्याला कळत नाही. नाक घासून घासून रक्त आलं, पाली टाकल्या तरी तोंड लावलं नाही. आठव्या दिवशी गेला. ते घासलेलं नाक मला अजून दिसतं.

कायद्याचंही लक्षात ठेव. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचे साप घरात पाळता येत नाहीत. बत्तीस शिराळ्याची जिवंत नाग पकडून साजरी होणारी नागपंचमी त्यामुळेच बदलली, तू तर जवळचाच.

सोडताना हाताळू नकोस. टाकी आडवी कर, झाकण काढ आणि लांब हो. जखम दिसली तर मात्र सोडू नकोस, वनविभागाला १९२६ वर फोन लाव.

बघायची हौस असेल तर सकाळी ऊन वर आलं की शेवग्याखाली थांब. पाली, सरडे, बेडूक आहेत तोवर तो तिथं येणारच.