शिशाची मोहर: आधी नाळ पाहा, चिंच लांब ठेवा

प्रश्न (धरमपेठ, नागपूर): घरच्या नाण्यांत शिशाची एक चकती आहे. पाकिटावर नुसतं ‘बायझंटाइन’ लिहिलंय. एका बाजूला क्रूस, दुसरीकडे ग्रीक अक्षरं, पण ओळींची टोकं गायब. हे नाणं की पत्राला लावायची मोहर? वर पांढरी पूड धरते. चिंचेनं घासू का?

उत्तर: चिंच नको, लिंबू नको, व्हिनेगर तर मुळीच नको. पितळेला जे चालतं ते शिशाला खातं.

बायझंटाइन म्हणजे कॉन्स्टँटिनोपल राजधानी असलेलं पूर्व रोमन साम्राज्य. आता चकतीची कड पाहा. वर आणि खाली समोरासमोर दोन भोकं आणि त्यांना जोडणारी आरपार नाळ, म्हणजे पोकळ नळी, असेल, तर ती मोहर. कोऱ्या चकत्या साच्यात नाळीसकट ओतत. पत्राची दोरी नाळेतून ओवायची, चकती सांडशीसारख्या लोखंडी अवजाराच्या जबड्यांत धरायची आणि वरून हातोडा हाणायचा. जबड्यांत उलटी कोरलेली अक्षरं दोन्ही बाजूंना एकदम उठतात, नाळ दबून दोरी पकडते. चकती ठशापेक्षा लहान किंवा सरकलेली असली की ओळींची टोकं बाहेर पडतात. तुमच्याकडे बहुधा तेच झालंय. मोहर फुटते तीही बहुतेक नाळेच्याच रेषेत.

गेलेली अक्षरं पुष्कळदा भरता येतात, कारण मजकूर ठरावीक असतो: ‘प्रभो, तुझ्या दासाला साहाय्य कर’, मग नाव, मग दरबारी मान, शेवटी हुद्दा. ‘प्रोतोस्पाथारिओस’ हा मान, ‘स्त्रातिगोस’ ही प्रांताच्या सेनापतीची नेमणूक. बढती झाली की ठसा नवा, म्हणून एकाच माणसाच्या वेगवेगळ्या मोहरा सापडतात. सातव्या-आठव्या शतकातल्या जकात अधिकाऱ्यांच्या मोहरांवर सम्राटाची प्रतिमा आणि १५ वर्षांच्या करचक्रातला क्रमांक असतो. दोन्ही जुळले तर वर्षही काढता येतं. वाचताना टॉर्च जवळजवळ आडवा धरा आणि चारही बाजूंनी फोटो घ्या.

नक्कल ओळखायला निव्वळ कडेला दिसणारा साच्याचा सांधा पुरत नाही, कारण अस्सल चकत्याही ओतीवच. अक्षरांवर बुडबुड्यांचे खड्डे असतील किंवा नाळ मागाहून ड्रिलनं पाडलेली दिसली, तर संशय घ्या.

पांढरी पूड हे शिशाचं कार्बोनेट आणि ते विषारी. लाकडी खण, साधा पुठ्ठा यांतून ॲसिटिक आम्लाची वाफ निघते, तिला ओलावा मिळाला की शिसं गंजतं. म्हणून नागपुरात पावसाळ्याइतकाच उन्हाळ्यातला कूलरही वैरी; त्या खोलीत मोहर ठेवूच नका. हातमोजे घाला, पूड फुंकू नका, कोरड्या ब्रशनं उडवू नका. पॉलिप्रोपिलीनची घट्ट डबी, आत रंग बदलणारं सिलिका जेल, आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली. पीव्हीसीचं पाकीट टाळा. नाळेत धागे अडकलेले दिसले तर सुईनं काढू नका, ती मूळ दोरी असू शकते. डबी बदलूनही पूड वाढत राहिली तर जुन्या वस्तू जपणाऱ्या तज्ज्ञाकडे, म्हणजे संवर्धकाकडे, न्या. विद्युत्-क्षपणानं, म्हणजे विजेच्या प्रवाहानं गंजाचं पुन्हा धातूत रूपांतर करून, शिसं स्थिर करता येतं, पण घरी नाही.